मी न भरवलेल्या कण्या

या ग्रुपवर मला ओळखणारे बरेच आहेत आणि त्यातले अर्धे माझ्यावर चिडून आहेत. कुणी लिहिलं की माळ्यावर पैंजण वाजलं, तर खाली "उंदीर असेल, पिंजरा लावा" अशी कमेंट टाकणारी ती मीच. कुणाच्या छातीवर रात्री कुणी येऊन बसलं, तर "जेवून लगेच आडवं होऊ नका" हेही माझंच. भूत, करणी, बाहेरचं... यातलं काहीही मी आयुष्यात मानलं नाही. आणि खरं सांगते, आजही माझं मन मानायला तयार नाही. त्यामुळं आता मीच असलं काही लिहायला बसले म्हटल्यावर तुम्ही हसणार. हसा, माझी हरकत नाही. पण शेवटपर्यंत वाचा, आणि मी तुम्हाला देते तसं एखादं चोख उत्तर मला द्या. मी तुमचे पाय धरीन.

गोष्ट बऱ्याच वर्षांपूर्वीची. आमच्या शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं, मोबाइलला बटणं होती आणि मी पुंडलिकनगरात बायकांना स्कूटी शिकवायचे. क्लास भर दुपारी. स्वयंपाक आवरलेला, नवरा कामावर, पोरं शाळेत — बाईला स्वतःचे म्हणावेत असे तेवढेच दोन-तीन तास. घराजवळच्या मोकळ्या मैदानावर मी उभी असायचे. डोक्याला रुमाल, अंगात पंजाबी ड्रेस आणि पायात पांढरे स्पोर्ट शूज. ड्रेसवर बूट घालते म्हणून गल्ली मला हसायची. पण नवशिकी बाई घाबरून ब्रेकऐवजी एक्सिलेटर पिळते ना, तेव्हा तिच्यामागं चपलेत पळून दाखवा.

माझा धाकटा भाऊ दत्ता. अजिंठ्याच्या रस्त्याला आमचं गाव आहे. तिथं तो, त्याची बायको मंगल, त्यांची लेकरं आणि आमची माय. मला सगळे आक्का म्हणतात, मायसुद्धा. दत्ताला लहानपणापासून पोटाचं काहीतरी होतं. अधूनमधून कळ यायची, ओकायचा, एक-दोन दिवसांत आपोआप बरा व्हायचा. गावात यावर एकच निदान — बेंबी सरकली. मग तेल लावून पोट चोळायचं आणि बेंबी जागेवर आली म्हणून सांगायचं. त्या हिवाळ्यातही तेच केलं. चोळून चोळून पोट टम्म फुगलं, हा हिरवं ओकायला लागला, तेव्हा कुठं मंगलनं मला फोन केला.

"आक्का, ह्यांचं काही खरं नाय दिसत. बेंबी जाग्यावर येईनाच."

"बेंबी गेली खड्ड्यात," मी म्हटलं. "गाडी कर आणि निघ आधी."

औरंगपुऱ्याच्या जवळच्या एका हॉस्पिटलात त्याला टाकलं. नाव लिहीत नाही, कारण तिथल्या कुणाची काहीच चूक नव्हती. त्याच दिवशी ऑपरेशन झालं. नंतर डॉक्टरांनी मला आणि मंगलला बसवून समजावलं. बाळ आईच्या पोटात असतं तेव्हा त्याच्या आतड्यापासून बेंबीपर्यंत एक बारीक नळी असते. जन्माच्या कितीतरी आधी ती विरून जायला पाहिजे. काहीजणांत तिचा तुकडा राहून जातो, लहान आतड्याला चिकटलेल्या पिशवीसारखा. बहुतेकांना जन्मभर पत्ताही लागत नाही. दत्ताच्या त्या पिशवीपासून बेंबीपर्यंत एक दोरीसुद्धा शिल्लक राहिली होती. आतड्यानं त्या दोरीभोवती पीळ घेतला आणि तेवढा भाग काळा पडला. तो कापून काढला आणि उरलेली दोन टोकं शिवून जोडली.

"म्हणजे भानगड बेंबीशीच होती तर," मी म्हटलं.

"होती," डॉक्टर हसले. "पण चोळून सुटणारी नव्हती."

मग त्यांचं हसू गेलं. आता सगळं त्या जोडावर आहे, म्हणाले. जोड धरला तर दत्ता चालत घरी जाईल. जोड सुटला, म्हणजे लीक झाला, तर आतड्यातली घाण पोटात पसरेल आणि तो जगणार नाही. म्हणून सक्त ताकीद — मी सांगेपर्यंत तोंडानं काही नाही. पाणीसुद्धा नाही. दत्ताच्या नाकात एक नळी, हाताला सलाइन आणि पोटाच्या कडेला एक रबरी नळी, तिच्या टोकाला पिशवी. आत काही साठलं तर त्या पिशवीत दिसेल. तिला ते ड्रेन म्हणायचे.

"खेड्यातली माणसं पेशंटला प्रेमानं मारतात," डॉक्टर मंगलकडं बघून म्हणाले. "मागं एकाच्या आईनं पदराआड खिचडी आणून भरवली होती. तुमच्याकडून असं व्हायला नको."

मंगलनं मान हलवली. ती इतकी घाबरली होती की दत्ताजवळ बसून पाणी प्यायचीही तिला चोरी वाटायची. बाहेर जाऊन प्यायची.

रात्री माझा नवरा थांबायचा, सकाळी मंगल आणि संध्याकाळी मी. दुपारी मंगल रिक्षानं माझ्या घरी जायची. आंघोळ, दोन घास, जरा डोळा. तेवढ्या वेळात दत्ताकडं लक्ष ठेवायला शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यांची बायको होती, जनाबाई. पैठणकडच्या. बोलायला फटकळ, पण मायाळू. दारावर वॉचमन मामा बसायचे, पास बघितल्याशिवाय मुंगीला आत सोडत नव्हते. एवढं सगळं नीट सांगते, कारण नंतर मी हेच शंभर वेळा मनाशी घोळवलं आहे.

त्या दिवसांत आमच्या घरात एकच प्रश्न होता. हसू नका, पण तो प्रश्न म्हणजे दत्ताला वारा सरला का! वारा सरला म्हणजे आतडं चालू झालं. माझा नवरा सकाळी घरी आला की चहाच्या आधी मी तेच विचारायचे. एरवी ज्या गोष्टीवर आम्ही बहीण-भाऊ लहानपणी एकमेकांना बदडायचो, तिच्यासाठी मी वाट बघत होते.

मला पहिल्यांदा खटकलं ते वेगळंच. पोटाचं ऑपरेशन झालेली माणसं पाण्यासाठी जीव टाकतात. शेजारचे म्हातारे तर सारखे ओठ चाटायचे, "घोटभर दे गं" म्हणून रडायचे. दत्ता मागतच नव्हता. मी एकदा ओला कापूस त्याच्या ओठांवर फिरवायला गेले तर त्यानं मान वळवली.

"बास आक्का. दुपारचंच अजून पोटात हाय."

अंगात थोडा ताप होता, दुखण्याची इंजेक्शनं चालू होती. मी म्हटलं, गुंगीत बरळतोय. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच — "पोट भरलं, आक्का." आणि त्याच्या उशाजवळच्या टॉवेलला ताकाचा आंबूस वास येत होता. मी टॉवेल बदलला. ओकारीचा वास असेल, असं स्वतःला सांगितलं. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडं उत्तर असतं, हे तुम्हाला माहीतच आहे.

ताप उतरेना. डॉक्टर पोट दाबून बघायचे, ड्रेनच्या पिशवीत थोडं पाणचट काहीतरी यायचं, "अजून दोन दिवस बघू" म्हणायचे. सोनोग्राफीतही नक्की काही कळत नव्हतं.

शुक्रवारी मी सकाळीच गेले होते. डॉक्टरांचा राउंड चालू होता. त्यांनी पिशवी उचलून खिडकीकडं धरली, आणि तशीच धरून ठेवली. मग नर्सकडून एक वाटी मागून त्यात पिशवी रिकामी केली. पिवळसर पाण्यात पांढरे, जाडसर कण होते. भरपूर होते.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

मी वाकून बघितलं. मंगल माझ्यामागं होती. तिनं बघितलं आणि ती हळूच म्हणाली, "कण्या हायत."

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी — ज्वारी जाडसर भरडून ताकात शिजवली की त्याला आमच्याकडं कण्या म्हणतात. आजारी माणसाला, म्हाताऱ्याला, दात न आलेल्या लेकराला. आता शहरात कुणी करत नाही. माझ्या घरात भरडलेली ज्वारी नव्हती, हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये तर प्रश्नच नाही.

डॉक्टरांचा आवाज अख्ख्या वॉर्डात घुमला. "कुणी भरवलं याला? तोंडातून गेलेलं अन्न पोटातून बाहेर येतंय, कळतंय का तुम्हाला? जोड सुटलाय! कुणी भरवलं?"

"मी नाय वो डॉक्टर," मंगल म्हणाली. "लेकरायची आण घेते."

आणि मी... मी तिच्यावर तुटून पडले. दुसरं कोण असणार? मी म्हटलं, "अगं, एवढं सांगितलं तरी तुला कळलं नाही? नवऱ्याचा जीव घेतेस का?" ती नुसती मान हलवत होती. तेवढ्यात शेजारच्या खाटेवरून जनाबाई उठल्या.

"तिला काहून बोलता वो? तिचा काय गुन्हा? तुम्हीच तं भरवत होत्या."

"मी?"

"मंग कोण? रोज दुपारी. ही पोरगी गेली की तुम्ही यायच्या. डोस्क्याला रुमाल, पायात हे पोरांवानी बूट. पितळंची वाटी घेऊन. बोटानं चिमूट चिमूट भरवत होत्या. मी इचारलं बी, डॉक्टरनं सांगितलं का म्हणून. तुम्ही माझ्याकडं बघितलं बी नाय. लेकराला भरवताना आपलं तोंड हलतं ना, तसं तुमचं तोंड हलत होतं."

मी म्हटलं, जनाबाई, दुपारी मी मैदानावर असते, पंधरा बायका साक्षीला आहेत. त्या म्हणाल्या, बाई, मी म्हातारी असेल, आंधळी नाय. मी धावत दारावर गेले. मामांना विचारलं, मी दुपारी कधी आले होते का? ते म्हणाले, "नाय मॅडम. तुम्ही संध्याकाळच्या. दुपारी तुमच्या पेशंटकडं कुणीच येत नाय."

मी परत आले तोवर दत्ताला स्ट्रेचरवर घेतलं होतं. पुन्हा पोट उघडायचं होतं, ताबडतोब. तो पांढराफटक पडला होता. मी त्याच्यावर वाकून म्हटलं, "दत्ता, खरं सांग. तुला कुणी भरवलं?"

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, की काय विचारते ही. मग तो डॉक्टरांना म्हणाला, "आक्काला बोलू नका. तिचा दोष नाय. मीच नको म्हणलो नाय."

स्ट्रेचर आत गेलं. बाहेरच्या बाकावर मी आणि मंगल बसलो. ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकून बसली, आणि मधली जागा तशीच रिकामी राहिली. मला तिचा राग आला नाही. तिच्या जागी मी असते तर माझ्या झिंज्या उपटल्या असत्या. माझा भाऊ आत मरणाच्या दारात होता, त्याला मी तिथं नेलं असं सगळे म्हणत होते, आणि मी तर दुपारी वॉर्डात नव्हतेच. मला रडायला येत होतं, पण कशासाठी रडायचं तेच कळत नव्हतं.

बऱ्याच वेळानं डॉक्टर बाहेर आले. जोड एका बाजूनं सुटला होता. त्यांनी पोट धुतलं, आतड्याचं तोंड तात्पुरतं पोटावर काढून तिथं पिशवी लावली. काही महिन्यांनी ते पुन्हा आत जोडायचं होतं. "वाचेल बहुतेक," म्हणाले.

मी त्यांना गाठून विचारलं, "डॉक्टर, ते खाल्ल्यामुळं जोड सुटला का?"

ते दमले होते. भिंतीला टेकून म्हणाले, "खरं सांगू? मला माहीत नाही. जोड आधीच सुटत आला असेल. असं असेल तर ते कण पिशवीत दिसले म्हणूनच हा वाचला. नाहीतर मी अजून दोन दिवस थांबलो असतो आणि तो हाती लागला नसता. पण असंही असेल, की पोटात काही गेलंच नसतं तर जोड टिकला असता आणि हे दुसरं ऑपरेशन लागलंच नसतं. दोन्ही शक्य आहे." मग माझ्याकडं जरा रोखून बघून म्हणाले, "ज्यानं भरवलं त्यानं पुन्हा भरवू नये, एवढंच."

दोन-तीन दिवस मी क्लास बंद ठेवला होता. सुरू केला तेव्हा सगळ्यात आधी शबानाला बाजूला घेतलं. ती माझी सगळ्यात नियमित विद्यार्थिनी, औरंगपुऱ्यात तिच्या सासऱ्यांचं बांगड्यांचं दुकान. मला फक्त एवढंच ऐकायचं होतं, की मी मैदानावरच होते. म्हणजे मग जनाबाईंची नजर कमी, दत्ताची गुंगी, आणि कण्या... कण्यांचंही काहीतरी उत्तर मी शोधलं असतं.

"शबाना, त्या आठवड्यात मी रोज दुपारी इथंच होते ना गं?"

"हौ मॅडम. यहींच थे. एक भी दिन छुट्टी नै की तुम." मग ती घुटमळली. "पन एक बात बोलूं? बुरा नक्को मानो."

"बोल."

"बीच में तुम चुप हो जाते थे. मैं चक्कर मार के आती, तो तुम उधर झाड के नीचे बैठे रैते. आवाज दिए तो सुनतेच नै थे. और हाथ से ऐसा करते थे."

तिनं करून दाखवलं. डावा तळहात वाटी धरल्यासारखा. उजव्या हाताची बोटं त्यात बुडवायची, चिमूट उचलायची आणि समोर न्यायची. सावकाश. पुन्हा बोटं वाटीत. करता करता तिचे ओठही जरासे हलले.

"मैं सोची, भाई का टेन्शन है मॅडम कू," ती म्हणाली.

मला त्या झाडाखाली बसल्याचं आठवत नाही. मला आठवतं ते एवढंच, की मी दुपारभर उभी होते. दुपारच्या उन्हात माझ्या अंगावर काटा आला, हे मी इथं पहिल्यांदा कबूल करते आहे.

इथंवर वाचून तुम्ही म्हणणार — मेलेली आई आली असेल, लेकीच्या रूपात लेकराला भरवायला. असल्या गोष्टी इथं आठवड्याला दोन येतात. पण आमची माय तेव्हा चांगली ठणठणीत जिवंत होती, आणि अजूनही आहे. फक्त गुडघे गेले होते, म्हणून गाव सोडून येता येत नव्हतं. शेजाऱ्यांच्या फोनवर तिला थोडं थोडं कळवत होतो.

दत्ता धोक्याबाहेर गेल्यावर मी एसटीनं गावी गेले. मायला समोर बसून सांगायला हवं होतं. ती दारात पाय पसरून बसली होती. मला बघताच तिनं विचारलं, "आता खातंय का गं लेकरू?"

मी म्हटलं, पेज चालू केलीय. तिनं हात जोडले. मग आपण होऊन सांगायला लागली. मी काही विचारलं नव्हतं, हे लक्षात घ्या.

"तू फोनवर म्हणली, त्याला तोंडानं काही द्यायचं नाय. माझा तं जीवच उडाला. उपाशी ठेवून कुणी बरं होतं का? मंग मी रोज त्याच्या नावाचा घास काढत होते."

नावाचा घास म्हणजे काय, तर घरातलं माणूस परगावी अडकलं, आजारी पडलं, की जेवणाआधी त्याच्या नावानं थोडं अन्न काढून उंबऱ्यावर ठेवायचं. आमच्या घरात पूर्वापार करतात. मी लग्न होऊन गेल्यावर माझ्याही नावाचा काढायची ती. मी त्याची टिंगल करायचे.

"काय ठेवायचीस?" मी विचारलं.

"त्याला लहानपणी काय पचायचं? कण्या. दुसरं काय." तिनं आत बोट दाखवलं. चुलीजवळ पितळेची वाटी पालथी घातली होती. "मंगल लई भित्री. ती डॉक्टरचंच ऐकणार, ती काही देणार नाय. म्हणून मी तुझं नाव घेत होते. दुपारी उंबऱ्यावर वाटी ठेवायची आन् म्हणायची, आक्के, भरव गं त्याला. तू कुणाला भेणारी नाय, तू भरवशील."

"आणि मग... वाटी कोण खायचं?"

"मांजर खात असंल की. रिकामी व्हायची. घासल्यावानी साफ." मग म्हणाली, "शुक्रवारी तशीच राह्यली. मांजर शिवलं बी नाय. मंग मी समजले, पोट भरलं लेकराचं. तवापासून बंद केलं."

शुक्रवारी. मी भिंतीला टेकून बसले. मायनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि लहान लेकरासारख्या आशेनं विचारलं, "माझ्या घासाचा गुण आला ना गं त्याला?"

डॉक्टरांची दोन्ही वाक्यं माझ्या डोक्यात होती. त्यातलं एक तिला सांगितलं असतं तर ती देवासमोर दिवा लावून बसली असती. दुसरं सांगितलं असतं तर तिनं पुन्हा अन्न शिवलं नसतं. आणि कुठलं खरं, ते डॉक्टरांनाही माहीत नव्हतं.

"व्हय माय," मी म्हटलं. "तुझ्या घासानंच वाचला."

ती रडली, मीही रडले. दोघींच्या रडण्याची कारणं मात्र वेगळी होती.

दत्ताला पुढं माझ्या घरी आणलं. एक दिवस मी भाजी निवडत होते, तेव्हा मंगल समोर येऊन बसली. त्या शुक्रवारनंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलायची.

"आक्का, एकदाच इचारते, पुन्यांदा नाय इचारणार. खंडोबाची आण घेऊन सांगा. तुम्ही भरवलं का नाय?"

आता इथं माझी अडचण समजून घ्या. मी नाही म्हटलं असतं तर ती शोधत राहिली असती. शोधत शोधत ती एक दिवस उंबऱ्यावरच्या त्या वाटीपर्यंत पोचली असती, कारण माय काही तोंड बंद ठेवणारी नाही. सासू-सुनेचं आधीच विळ्या-भोपळ्याचं सख्य. एखाद्या भांडणात मंगल म्हणाली असती, तुमच्या कण्यांनी माझ्या नवऱ्याचं पोट फाडलं. गुडघे गेलेली बाई, सगळं आयुष्य लेकरांना खाऊ घालण्यात गेलेलं... तिला ते एक वाक्य पुरलं असतं.

"व्हय, खंडोबाची आण," मी म्हटलं. "मीच भरवलं. माझी बुद्धी फिरली होती."

मंगल उठून आत गेली.

दत्ताचं आतडं पुढं पुन्हा आत जोडलं, तो बरा झाला, आज ट्रॅक्टर चालवतो. पोटाचं लहानपणापासूनचं दुखणं कायमचं गेलं. आपल्याला आक्कानं भरवलं म्हणून तो अजून सगळ्यांना कौतुकानं सांगतो. मंगल ऐकते आणि दुसरीकडं बघते. मी त्यांच्याकडं जेवायला असले की दत्ताचं ताट ती स्वतः वाढते, मला हात लावू देत नाही. मीही पुढं होत नाही. मायला मी एवढंच सांगितलं, की यापुढं घास काढताना माझं नाव घेऊ नको. का म्हणून तिनं विचारलं. मी तिच्या गुडघ्यांचं विचारलं.

जनाबाईंना भास झाला म्हणा. शबानाला मी दमून बसलेली दिसले असेन म्हणा. वाटी मांजरानं चाटली म्हणा. पण दत्ताच्या पोटातून निघालेल्या कण्या मी माझ्या डोळ्यांनी बघितल्या आहेत, डॉक्टरांनी बघितल्या आहेत, त्या वॉर्डातल्या सगळ्यांनी बघितल्या आहेत. त्या कुठून आल्या याचं उत्तर इतक्या वर्षांत मला सापडलेलं नाही. लोकांना कमेंटमध्ये दोन ओळींत उत्तरं देणारी मी, माझ्यासाठी एक ओळ नाही.

आणि त्याहून जास्त मला छळतं ते दुसरंच. त्या दिवशी मंगलला मी खंडोबाची आण घेऊन "मीच भरवलं" म्हणाले. ते खोटं होतं की खरं, हेच मला आजतागायत माहीत नाही.